हिरवी पट्टी, हळद आणि जंतूंचा उपसा पंप



हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांना हळदीबद्दल मी काही नवीन सांगावे असे नाही. काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश हे सगळे तुमच्या डोळ्यांसमोर होते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हिंगोलीच्या हळद बाजारात दूरदूरचे शेतकरी माल आणतात. त्यामुळे पायाला खुरपे लागले, काच घुसली की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो, यात नवल नाही.

जखम चिघळली की मात्र दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "डॉक्टर, हळद तर जंतुनाशक आहे ना, मग पू कसा झाला?" दुसरा, "मेडिकलमधून गोळ्या आणून चार दिवस खाल्ल्या, तरी फरक का नाही?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच इतिहासात सापडतात. जंतूंच्या अंगात एक पंप असतो आणि जंतू एकमेकांशी बोलतात, हे माणसाला कसे कळले, त्याचा हा इतिहास आहे. तो समजला की जखमेकडे बघण्याची तुमची नजर बदलेल, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

पट्टीवरचा निळा-हिरवा डाग

पूर्वीच्या काळी युरोपातल्या शल्यचिकित्सकांना एक गोष्ट वारंवार दिसायची. काही रुग्णांच्या जखमेवरची पांढरी पट्टी दुसऱ्या दिवशी निळसर-हिरवी झालेली असे. १८८२ साली कार्ल जेसार या फ्रेंच संशोधकाने या रंगामागचा जंतू वेगळा करून दाखवला. आज आपण त्याला स्यूडोमोनास एरुजिनोसा म्हणतो. पाणी, ओली माती, नळाची तोटी, ओलसर फडके अशा ठिकाणी तो सहज राहतो. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही. भाजलेली कातडी, मधुमेह्याच्या पायाची जुनी जखम, शस्त्रक्रियेचा व्रण किंवा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण मिळाला की मात्र तो आपले खरे रूप दाखवतो.

पट्टीवरच्या निळ्या रंगाचे नाव पायोसायनिन. हा नुसता रंग नाही, तर आपल्या पेशींना इजा करणारे विष आहे. जेसारच्या काळात एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. हा जंतू एकटा-दुकटा असताना हे विष फारसे बनवत नाही. पुरेशी गर्दी जमल्यावरच बनवतो. गर्दी जमली आहे हे त्याला कळते कसे? उत्तर मिळायला पुढे जवळपास शंभर वर्षे गेली.

जंतूंची गणपूर्ती

उत्तराचा पहिला धागा जखमेत नाही, समुद्रात सापडला. समुद्रातले काही जीवाणू अंधारात चमकतात. १९७० साली अमेरिकेत केनेथ नीलसन, वुडलंड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्याने असे जीवाणू प्रयोगशाळेत वाढवले. संख्या कमी असेपर्यंत ते चमकत नसत. एका मर्यादेपलीकडे संख्या गेली की सगळे एकदम चमकू लागत. म्हणजे प्रत्येक जीवाणू भोवतालच्या द्रवात काहीतरी सोडत होता आणि ते पुरेसे साठले की सगळ्यांना इशारा मिळत होता.

ग्रामसभेचे उदाहरण घ्या. चार माणसे जमली तर ठराव होत नाही. गणपूर्ती झाली की कामकाज सुरू होते. जंतूंचेही तसेच आहे. प्रत्येक जंतू एक छोटे रसायन बाहेर सोडतो, जणू हजेरीची चिठ्ठीच. भोवती चिठ्ठ्या थोड्या असतील तर जंतू गप्प राहतो. चिठ्ठ्यांचा ढीग झाला की त्याला कळते, 'आपण बरेच जण आहोत, आता हल्ला केला तर परवडेल.' १९९४ साली शास्त्रज्ञांनी या प्रकाराला नावही 'गणपूर्ती ओळखणे' या अर्थाचेच दिले.

स्यूडोमोनासही हेच करतो. थोडे जंतू असताना विष सोडले तर शरीराचे संरक्षक पेशीदल सावध होऊन त्यांना संपवेल. म्हणून तो आधी गुपचूप संख्या वाढवतो. गणपूर्ती झाली की पायोसायनिन, मांस विरघळवणारी द्रव्ये आणि सर्वांभोवती चिकट थर, ज्याला आपण बायोफिल्म म्हणतो, अशी सगळी तयारी एकदम सुरू होते. 'काल तर जखम बरी दिसत होती, एका रात्रीत बिघडली' असे घरचे म्हणतात, त्यामागचे एक कारण हेही असू शकते.

आत गेलेले औषध बाहेर

आता पंपाकडे वळू. पेनिसिलिनचा काळ सुरू झाला तेव्हाच, १९४० साली, काही जंतू औषध फोडून टाकणारे द्रव्य बनवतात हे लक्षात आले होते. त्यामुळे बरीच वर्षे समजूत अशी होती की जंतू एकतर औषध नष्ट करतो किंवा औषधाला आत येऊ देत नाही.

१९८० साली बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेट्रासायक्लिन या औषधाबाबत वेगळेच दाखवले. त्यांनी जंतूच्या आवरणाच्या सूक्ष्म पिशव्या तयार केल्या, त्याही आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत अशा उलट्या. दाद न देणाऱ्या जंतूंच्या अशा पिशव्यांनी टेट्रासायक्लिन आत ओढून साठवले. पिशवी उलटी आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे धडधाकट जंतूमध्ये हेच औषध आतून बाहेर फेकले जात असणार. जंतू औषध फोडत नव्हता. विहिरीतले पाणी मोटर उपसते तसा तो आत शिरलेले औषध उपसून टाकत होता, आणि त्यासाठी शक्तीही खर्च करत होता.

याला मी उपसा पंप म्हणतो. पुढे असे पंप जवळपास सर्व जंतूंमध्ये सापडले. १९९३ साली कॅनडात कीथ पूल यांच्या गटाने स्यूडोमोनासमधला असा एक मोठा पंप शोधला. त्याचे तीन भाग असतात. एक आतल्या आवरणात, एक बाहेरच्या आवरणात आणि एक दोघांना जोडणारा. जणू मोटर, पाइप आणि बाहेरचे तोंड. हा पंप एकाच औषधासाठी नाही. एकमेकांशी नाते नसलेली अनेक अँटिबायोटिक्स तो बाहेर टाकतो. एका गोळीचा गुण येईना म्हणून तुम्ही मनाने दुसरी आणता आणि तिचाही गुण येत नाही, त्यामागे कधी कधी हा पंप असतो.

पंप आणि चिठ्ठी यांची गाठ

एक प्रश्न मात्र राहिला होता. अँटिबायोटिक गोळ्या माणसाने विसाव्या शतकात बनवल्या. जंतू तर कोट्यवधी वर्षांपासून आहेत. मग हा पंप त्यांच्याकडे आधीपासून कशासाठी होता?

एक उत्तर सोपे आहे. मातीत आणि आतड्यात विषारी द्रव्यांची कमी नसते, ती बाहेर टाकावीच लागतात. पण १९९८ आणि १९९९ या दोन वर्षांत आणखी एक उत्तर पुढे आले. १९९९ हे आपल्यासाठी लक्षात ठेवायला सोपे आहे, त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या वर्षी अमेरिकेत बार्बरा इग्लेव्स्की यांच्या गटाने स्यूडोमोनासच्या चिठ्ठ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जंतूच्या दोन मुख्य चिठ्ठ्यांपैकी लहान चिठ्ठी पेशीच्या भिंतीतून आपोआप आरपार जाते. मोठी चिठ्ठी मात्र आवरणात अडकून पडते. तिला बाहेर पोचवण्याचे काम कोण करतो? तोच, पूल यांनी शोधलेला औषध उपसणारा पंप.

म्हणजे जो पंप औषधाला बाहेर काढतो, तोच जंतूचा निरोपही बाहेर नेतो.

त्याआधीच्या वर्षी, १९९८ मध्ये, खुद्द पूल यांच्या गटाने याचीच दुसरी बाजू दाखवली होती. या पंपाला एक ब्रेक असतो. ब्रेक बिघडला की पंप गरजेपेक्षा जास्त चालतो. असे जंतू अनेक औषधांना दाद देत नाहीत. पण त्यांनी पायोसायनिनसारखी विषारी द्रव्ये कमी बनवलेली आढळली, कारण त्यांच्या निरोपाची साखळीच मंदावली होती.

२००२ साली जपानी संशोधकांनी हाच पंप काढून टाकलेला जंतू तपासला. तो पेशींच्या थरात नीट घुसूच शकत नव्हता. पंप असलेल्या जंतूने ज्या द्रवात काम केले होते तो द्रव दिल्यावर त्याची घुसण्याची ताकद परत आली. घुसखोरीला लागणारे काहीतरी पंपातूनच बाहेर पडत होते, असा त्याचा अर्थ.

सगळ्यात चक्रावून टाकणारा निष्कर्ष २००५ साली आला. इंग्लंडमधले नॉटिंगहॅम, बेल्जियममधले ब्रसेल्स आणि डेन्मार्क इथल्या संशोधकांनी स्यूडोमोनासचा आणखी एक पंप बंद पाडून पाहिला. जंतूच्या मुख्य चिठ्ठ्या बनणे जवळपास थांबले. तो हळू वाढू लागला. उंदराच्या जातीतल्या प्राण्यांत आणि वनस्पतींत रोग करण्याची त्याची क्षमता खूप कमी झाली. पण काही औषधांना तो आधीपेक्षा जास्त दाद देईनासा झाला! बाहेरून एक चिठ्ठी पुरवल्यावर वाढ, विष आणि औषधाचा परिणाम हे सगळे पूर्ववत झाले.

यातून काय घ्यायचे? 'औषधाला न जुमानणारा जंतू म्हणजे जास्त खतरनाक जंतू' असे समीकरण नेहमी बरोबर नसते. औषध न लागणे ही एक गोष्ट, शरीराची नासधूस करणे ही दुसरी. पंप हा या दोहोंना जोडणारा दुवा आहे. कधी दोन्ही एकत्र वाढतात, कधी एक वाढते आणि दुसरे घटते. म्हणून रिपोर्टमध्ये 'रेझिस्टंट' हा शब्द दिसला की धीर सोडू नका, आणि 'सेन्सिटिव्ह' दिसला की निष्काळजी राहू नका. रुग्णाची तब्येत आणि जखमेची अवस्था डॉक्टरांनी पाहूनच ठरवावे लागते.

मग आपल्या हळदीचे काय?

हळदीचा इतिहास तुम्ही ऐकला असेल, पण त्याचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. १९९५ साली अमेरिकेच्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. त्या वेळी आपल्या सीएसआयआर या संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय मासिकातला लेखही पुराव्यात होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. आपल्या आजीचे ज्ञान आपल्याकडेच राहिले, याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण निकाल नेमका काय होता? 'हे नवीन नाही, भारतात आधीपासून माहीत आहे' एवढाच. 'हळदीने चिघळलेली जखम बरी होते' असे त्या कार्यालयाने तपासलेही नाही आणि म्हटलेही नाही. पेटंटचा निकाल हा उपचाराचा पुरावा नसतो.

पुरावा प्रयोगशाळेत शोधावा लागतो. २००८ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी हळदीतले कर्क्युमिन स्यूडोमोनासवर वापरून पाहिले. जंतूंच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, पायोसायनिन कमी झाले, बायोफिल्म नीट बनेना. एक रोपटे आणि एक सूक्ष्म कृमी यांच्यावर केलेल्या प्रयोगांत रोगही सौम्य झाला. जंतू मारण्यापेक्षा त्यांची ग्रामसभाच भरू न देण्याचा हा प्रकार होता.

हळदीच्या नावाची दुसरी वनस्पती दारुहळद. तिचे हळदीशी नाते नाही, फक्त लाकूड पिवळे असते. तिच्यात बर्बेरिन नावाचे जंतुनाशक द्रव्य असते. गंमत म्हणजे पू करणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू आपल्या पंपाने बर्बेरिन बाहेर फेकतो. २००० साली असे दिसून आले की दारुहळदीच्या कुळातल्या काही झुडपांत बर्बेरिनबरोबर दुसरेही एक द्रव्य असते. ते एकटे जंतूला काहीच करत नाही, पण त्याचा पंप बंद पाडते. मग बर्बेरिन आत टिकते आणि काम करते. झाडाने औषध आणि पंपाचे बूच दोन्ही एकाच वेळी तयार ठेवले होते! तेच द्रव्य कुष्ठरोगावर पूर्वी वापरल्या जाणाऱ्या चौलमुग्रा तेलातही थोड्या प्रमाणात आधी सापडले होते. २००६ मध्ये जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने काळ्या मिऱ्यातल्या पायपेरिनमुळे स्टॅफिलोकोकसवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा परिणाम वाढतो, हे दाखवले.

हे वाचून डबा उघडण्याआधी थोडे थांबा. हे प्रयोग काचेच्या भांड्यात, रोपट्यावर, कृमीवर झाले. त्यांत शुद्ध द्रव्य मोजून वापरले होते. स्वयंपाकघरातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्केच असते आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. २०१७ साली कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला गेला. माणसांवरच्या शंभराहून अधिक चाचण्या होऊनही कसोशीने केलेल्या एकाही चाचणीत त्याचा उपचार म्हणून नि:संशय यशस्वी पुरावा मिळाला नाही, असे त्यात म्हटले आहे. पंप बंद पाडणारे एकही औषध आजवर जंतुसंसर्गावरील उपचार म्हणून बाजारात आलेले नाही. अनेक द्रव्ये शरीरालाच अपायकारक ठरली. शिवाय पंप बंद केल्यावर जंतूचे दुसरे काय काय बदलेल याचा भरवसा नाही, हे २००५ च्या प्रयोगाने आपल्याला दाखवलेच आहे.

डब्यातली हळद निर्जंतुक नसते, हेही लक्षात ठेवा. खोल जखमेत भरलेली पूड धुवून निघत नाही. पिवळ्या रंगाखाली पुवाचा रंग आणि कातडीची लाली दिसत नाही. डॉक्टरकडे यायला आठ दिवस उशीर होतो, तो बहुतेक वेळा याच भरवशामुळे. भाजीत, दुधात हळद जरूर घ्या. उघड्या जखमेत भरू नका.

अर्धवट गोळ्यांनी काय होते

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. जखमेत लाखो जंतू असतात. त्यांत थोड्यांच्या पंपाचा ब्रेक निसर्गतःच बिघडलेला असतो. औषध पुरेशा मात्रेत, ठरल्या वेळी मिळाले तर बरेचदा तेही मरतात, कारण एकट्या पंपाचा आधार मर्यादित असतो. चाऱ्याच्या घाईत दुपारची गोळी राहिली, दोन दिवसांनी बरे वाटले म्हणून सोडली, शेजाऱ्याच्या उरलेल्या चार गोळ्या घेतल्या, तर औषधाची पातळी अर्धवट राहते. साधे जंतू मरतात, पंपवाले उरतात. मोकळी झालेली जागा त्यांना मिळते, आणि जगायला वेळ मिळाल्याने त्यांच्यात औषध चुकवण्याचे आणखी मार्गही तयार होऊ शकतात.

म्हणूनच १ मार्च २०१४ पासून आपल्या देशात अनेक महत्त्वाची अँटिबायोटिक्स 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे. पाकिटावरची लाल खूण दुकानदारासाठी आहे तशी तुमच्यासाठीही आहे.

तुम्ही काय कराल?

• जखम झाली की वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवा. स्वच्छ कोरडी पट्टी बांधा. हळद, शेण, राख, चुना, पेट्रोल काहीही भरू नका.

• माती लागलेली किंवा खोल जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी विचारा.

• मधुमेह असेल तर रोज रात्री दोन्ही तळपाय आणि बोटांमधली जागा बघा. संवेदना कमी झाल्यामुळे दुखत नाही म्हणजे जखम नाही, असे समजू नका. अनवाणी शेतात जाऊ नका.

• पट्टीवर निळा-हिरवा डाग, घाण वास, पसरणारी लाली, काळी पडणारी कातडी, ताप किंवा हुडहुडी यापैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात या. पू हिरवा नाही म्हणून जखम सुरक्षित, असेही नाही.

• चिघळलेल्या जखमेत डॉक्टरांनी पू किंवा मांसाचा नमुना कल्चरसाठी घ्यायला सांगितले तर टाळू नका. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच नमुना द्या. कोणत्या औषधाला जंतू दाद देतो, हे त्यातूनच कळते.

• गोळ्या सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेले दिवस घ्या. त्रास झाला तर मनाने बंद करू नका, फोन करून विचारा. उरलेल्या गोळ्या कोणालाही देऊ नका.

• जुन्या जखमेतला मेलेला भाग आणि चिकट थर काढायला डॉक्टर सांगतील तेव्हा घाबरू नका. जंतूंची गर्दी मोडल्याशिवाय गोळी आतपर्यंत पोचत नाही.

जेसारला पट्टीवर जो निळा-हिरवा रंग दिसला तो जंतूंच्या संभाषणाचा परिणाम होता, हे कळायला एक शतक लागले. तुमच्याकडे तेवढा वेळ नसतो, पण ते ज्ञान आज तुमच्या हाताशी आहे. जंतूंची सभा भरायच्या आत जखम धुणे आणि दाखवायला येणे, एवढे केले तरी अनेकांचे पाय वाचतील.